मिरचीचे मानांकन आणि जनसंपर्काची पदविका

नागपूरहून उमरेडमार्गे गडचिरोलीच्या रस्त्याला लागले की सुमारे ६५ किलोमीटरवर भिवापूर येते. तालुक्याचे गाव. आसपास धान, कापूस, सोयाबीन आणि जिच्यामुळे गावाचे नाव दूरवर पोचले ती लाल मिरची. या मिरचीला २०१६-१७ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच सुमारास शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीलाही ते मिळाले. हे मानांकन देणारा कायदा १९९९ चा. तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला आणि त्याचे नोंदणी कार्यालय चेन्नईत आहे. नोंदणी दहा वर्षांची असते, पुढे तिचे नूतनीकरण करता येते. एखाद्या मालाचा गुण त्या भूमीशी बांधलेला आहे, म्हणून ते नाव दुसऱ्या कोणी वापरू नये, एवढे संरक्षण हा कायदा देतो.

मात्र मानांकनाचे प्रमाणपत्र आले म्हणून बाजारभाव आपोआप बदलत नाही. मानांकन उत्पादकांच्या संघटनेच्या नावे असते. ते आपल्या पोत्यावर छापायचे, तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. हे किती शेतकऱ्यांच्या कानावर गेले आहे? पुण्या-मुंबईच्या गृहिणीला भिवापुरी आणि संकरित मिरचीतला फरक कोण सांगणार? संकरित वाणाचे उत्पन्न जास्त येते म्हणून जुने वाण सोडणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मानांकन राबवणाऱ्यांपर्यंत कोण पोचवणार? आणि सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागी, दिवसभर बसून मिरचीचे मुक्के (देठ) काढणाऱ्या बायांचा या मानात वाटा काय, हा प्रश्न कोणत्या बैठकीत निघणार?

यातील प्रत्येक माणसाशी वेगळ्या भाषेत बोलावे लागते, आणि प्रत्येकाचे वेगळे ऐकावेही लागते. सलगपणे, नियोजन करून, खरेपणाने हे करण्याच्या कामाला जनसंपर्क म्हणतात. त्याचे रीतसर शिक्षण मिळते. प्रमाणपत्रापासून पदव्युत्तर पदविकेपर्यंत त्याच्या पायऱ्या आहेत. हे शिक्षण काय असते, ते कुठे मिळते आणि भिवापूरसारख्या गावातील मुलामुलींना ते कितपत उपयोगी आहे, याचा विचार या प्रकरणात करायचा आहे.

जाहिरात, बातमी आणि जनसंपर्क

पहिल्याच तासाला विद्यार्थ्याला तीन कामांमधला फरक समजून घ्यावा लागतो. जाहिरातीत जागा किंवा वेळ पैसे देऊन घेतलेली असते, मजकूर देणाऱ्याच्या मनासारखा छापून येतो आणि वाचकालाही ते ठाऊक असते. बातमीत काय छापायचे हे पत्रकार आणि संपादक ठरवतात, त्यांची बांधिलकी वाचकाशी असते. जनसंपर्काचा माणूस संस्थेच्या आत बसतो, पण त्याचे तोंड बाहेर लोकांकडे असते. संस्था काय करते हे लोकांना सांगणे आणि लोकांना काय वाटते हे संस्थेला सांगणे, ही दोन्ही कामे त्याचीच.

यातले दुसरे काम बहुतेक ठिकाणी राहून जाते. अमेरिकेतील जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या दोन अभ्यासकांनी १९८४ मध्ये आपल्या पुस्तकात जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. पहिल्यात नुसती प्रसिद्धी मिळवायची असते. दुसऱ्यात खरी माहिती द्यायची असते, पण ती एकाच दिशेने जाते. तिसऱ्यात लोकांचे मत अजमावतात, पण त्यांचे मन वळवण्यासाठी. चौथ्या प्रकारात संस्था आणि लोक बरोबरीने बोलतात आणि बोलण्यातून संस्थेलाही आपला निर्णय बदलावा लागू शकतो. जगभरच्या वर्गांमध्ये हे चार प्रकार आजही शिकवले जातात. एखाद्या कार्यालयाचा जनसंपर्क खरा आहे की नाही, हे पाहायला चौथ्या प्रकाराचा प्रश्न पुरेसा आहे: लोकांचे ऐकून या कार्यालयाने गेल्या वर्षात काय बदलले?

कोळशाच्या खाणीतून निघालेला व्यवसाय

या व्यवसायाचा आधुनिक इतिहास १९०६ च्या अमेरिकेत सुरू होतो. कोळसा खाणींच्या मालकांविरुद्ध कामगारांचा रोष होता आणि मालक पत्रकारांशी बोलायलाच तयार नव्हते. पूर्वी पत्रकार असलेल्या आयव्ही ली यांना मालकांनी कामावर घेतले. ली यांनी वृत्तपत्रांना एक निवेदन पाठवले. आमचे काम उघडपणे चालेल, आम्ही देतो ती माहिती अचूक असेल, कोणाला पडताळून पाहायची असेल तर आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात पडली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. तोपर्यंत रेल्वे कंपन्या अपघात दडवत. ली यांनी उलट केले. पत्रकारांना घटनास्थळी नेले आणि कंपनीचे निवेदन स्वतः वाटले. पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून अभ्यासक आजही त्याचाच दाखला देतात.

दुसरे मोठे नाव एडवर्ड बर्नेज यांचे. १९२३ मध्ये त्यांनी जनमतावरचे आपले पुस्तक काढले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात जनसंपर्काचा अभ्यासक्रम शिकवला. म्हणजे या विषयाच्या शिक्षणाला शंभर वर्षे होऊन गेली. पण याच बर्नेज यांनी १९२९ मध्ये एका तंबाखू कंपनीसाठी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत तरुणींना सिगारेट ओढायला लावल्या आणि ते स्त्रीमुक्तीचे चिन्ह असल्याची हवा केली. आयव्ही ली यांच्यावरही पुढे नाझी जर्मनीतील एका रसायन कंपनीला सल्ला दिल्याचा डाग लागला. जनसंपर्काच्या चांगल्या अभ्यासक्रमात या दोघांचे कर्तृत्व आणि त्यांचे हे वागणे दोन्ही शिकवले पाहिजे. हत्यार कसे चालवायचे याबरोबर ते कुठे चालवायचे नाही, हेही त्याच वर्गात कळले पाहिजे.

भारतात टाटा समूहाने १९४३ मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. स्वातंत्र्यानंतर सरकारी खाती आणि सार्वजनिक उद्योग वाढले, तसे जनसंपर्क अधिकारीही वाढले. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संस्था स्थापन झाली. तिची पहिली राष्ट्रीय परिषद २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत भरली, म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानला जातो. १९६५ मध्ये अथेन्समध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय आचारसंहिताही या संस्थेने स्वीकारली आहे.

शिक्षणाच्या वाटा

विदर्भाला या क्षेत्रातील शिक्षण नवे नाही. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेतून त्यासाठी नागपुरात आले होते. त्यावेळी देशात असे विभाग बोटांवर मोजण्याइतके होते. आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा स्वतंत्र जनसंवाद विभाग आहे. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र २०११ पासून चालते आणि तिथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही आहे. जाहिरात आणि जनसंपर्क या जोडविषयाची पदव्युत्तर पदविका ही त्याच संस्थेच्या दिल्ली केंद्राची जुनी ओळख आहे. पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईची झेवियर संज्ञापन संस्था आणि भारतीय विद्या भवनाचे अभ्यासक्रम हे राज्यातील इतर नावाजलेले पर्याय. ज्यांना गाव सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते मराठीतून शिकवते आणि त्याचे विभागीय केंद्र नागपुरात आहे.

व्यावसायिक पात्रतेची भाषा गेल्या दहा-बारा वर्षांत बरीच बदलली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. कोणते कौशल्य कोणत्या पातळीचे, हे त्यात ठरवले गेले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने बी. व्होक. ही पदवी आणली. तिच्यात साठ टक्के भार कौशल्यावर आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणावर असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर साध्या पदवीतही या दिशेने बदल झाले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय आली. मधेच बाहेर पडायचे असेल, तर कौशल्याचे किंवा प्रत्यक्ष कामाचे जादा चार श्रेयांक मिळवावे लागतात. एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास. महाराष्ट्रातील नव्या रचनेत व्यावसायिक कौशल्याचा विषय, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण हे घटक आले आहेत.

भिवापूरच्या महाविद्यालयात मराठी, समाजशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जनसंपर्क हा मुख्य विषय म्हणून मिळाला नाही, तरी क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभागाचे श्रेयांक त्याला याच कामात मिळवता येतात. पुढे पदविका करताना हा अनुभव त्याच्या पदरी असतो.

वर्गात काय शिकवतात

संस्था कोणतीही असो, अभ्यासक्रमाचा कणा साधारण सारखा असतो. १९६३ मध्ये जॉन मार्स्टन यांनी कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या: संशोधन, कृती, संवाद आणि मूल्यमापन. या क्रमालाच महत्त्व आहे. बोलण्याची पायरी तिसरी येते. आधी परिस्थिती जाणून घ्यायची, मग संस्थेने काहीतरी करायचे आणि त्यानंतर त्याबद्दल बोलायचे. कृती न करता केलेला संवाद फार दिवस टिकत नाही.

संशोधनात प्रश्नावली तयार करणे, गटचर्चा घेणे, वृत्तपत्रांची कात्रणे काढून त्यांचे वर्गीकरण करणे आणि समाजमाध्यमांवरील प्रतिक्रिया वाचणे हे येते. संवादात प्रसिद्धिपत्रक, विशेष लेख, यशकथा, गृहपत्रिका, भाषणाचा मसुदा, ध्वनिफीत, छोटी चित्रफीत आणि पत्रपरिषद हे येते. कायद्यात अब्रुनुकसानी, स्वामित्वहक्क आणि २००५ चा माहितीचा अधिकार शिकावा लागतो. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम तर या विद्यार्थ्याने अगदी बारकाईने वाचावे. कोणी मागण्याची वाट न पाहता सार्वजनिक कार्यालयाने कोणती माहिती स्वतःहून उघड करायची, याची यादीच त्यात आहे. त्या यादीप्रमाणे काम करणारा जनसंपर्क अधिकारी निम्म्या तक्रारी जन्मण्याआधीच मिटवू शकतो.

लेखनाचा सराव हा सर्वांत कष्टाचा भाग. समजा, ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या तपासणीचे शिबिर आहे. नवशिक्या पहिल्या वाक्यात मान्यवरांची नावे लिहितो, दुसऱ्यात त्यांच्या शुभहस्ते झालेले उद्घाटन आणि शेवटच्या ओळीत शिबिराची वेळ. शिक्षक तो कागद उलटा करायला सांगतात. शिबिर कधी, कुठे, कोणासाठी, मोफत आहे का, सोबत कोणते कागद आणायचे, मोतीबिंदू निघाला तर शस्त्रक्रिया कुठे होईल आणि येण्याजाण्याची सोय काय, हे आधी. मान्यवर शेवटी. पहिला कागद पाहुण्यांना बरा वाटतो, दुसरा ज्या म्हाताऱ्या आईला दिसत नाही तिच्या उपयोगी पडतो. कोणासाठी लिहायचे हे ज्याच्या मनात पक्के झाले, त्याला प्रसिद्धिपत्रक लिहिता आले म्हणायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो. बहुतेक पाठ्यपुस्तके इंग्रजीत आहेत आणि कंपन्यांचा पत्रव्यवहारही. इंग्रजी शिकलेच पाहिजे. पण भिवापूरच्या विद्यार्थ्याकडे एक गोष्ट आधीपासून आहे: त्याला प्रमाण मराठी लिहिता येते, नागपुरी बोली बोलता येते, झाडीबोलीचा कानही असतो आणि हिंदी तर बाजारातच शिकून होते. विदर्भातील कोणत्याही खात्याला, बँकेला किंवा प्रकल्पाला असा माणूस लागतो. आपल्या बोलीची लाज वाटून ती टाकणारा विद्यार्थी व्यवसायातील आपली मोठी पुंजी गमावतो.

तालुक्यातच असलेले धडे

पाठ्यपुस्तकातील उदाहरणे लांबची असतात. भिवापूरच्या पंचक्रोशीत मात्र तीन जिवंत उदाहरणे आहेत.

पहिले रेल्वेचे. नागपूर ते नागभीड ही अरुंद मापाची लाइन १९०८ मध्ये सुरू झाली आणि उमरेड, भिवापूरवरून धावत राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद झाली. शतकभर स्वस्तात नागपूरला नेणारी गाडी थांबली, की गावातला माणूस एकच प्रश्न विचारतो: “गाडी कवा सुरू होते जी?” एवढ्या मोठ्या कामाला वेळ लागतो हे लोकांना कळते. मधल्या काळात कोणीच काही सांगत नाही, याचा मात्र त्यांना राग येतो. विद्यार्थ्याने इथे एक प्रकल्प करावा. रोज प्रवास करणारे विद्यार्थी, दूध-भाजी घेऊन जाणारे, दवाखान्याला जाणारे, असे प्रवाशांचे गट करावेत. प्रत्येक गटाला नेमकी कोणती माहिती हवी ते विचारावे. मग दर महिन्याला फलकावर आणि ग्रामपंचायतीत लावता येईल असा एका पानाचा कामाचा अहवाल कसा दिसेल, तो तयार करावा. एका प्रकल्पात संशोधन, लेखन आणि मांडणी तिन्ही शिकून होतात.

दुसरे उदाहरण वाघाचे. २०१२ मध्ये घोषित झालेले उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य सुमारे १८९ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा काही भाग भिवापूर तालुक्यात येतो. नागझिऱ्यातून इथे आलेला जय हा वाघ देशभर प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१६ नंतर तो दिसेनासा झाला आणि त्याच्या गळ्यातील कॉलरचे संदेशही थांबले. काही महिन्यांनी ही गोष्ट सगळीकडे पसरली, तेव्हा तर्कांचे पेव फुटले. माहितीची जागा रिकामी ठेवली की अफवा ती भरते, हे जनसंपर्काचे मूलभूत तत्त्व तेव्हा लोकांनी अनुभवले. पुढे ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिची पाच पिले पर्यटकांच्या गाड्यांच्या गराड्यात सापडली. त्याची चित्रफीत पसरली आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी वनखात्याने काय बोलावे, किती तासांत बोलावे आणि त्याआधी काय करावे, यावर वर्गात दोन तास चर्चा होऊ शकते. पण अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या, जनावर गमावलेल्या शेतकऱ्याशीही खात्याला बोलायचे असते. नुकसानभरपाईचा अर्ज कोणाकडे, किती दिवसांत आणि कोणत्या कागदांसह द्यायचा, ही माहिती त्याला मिळाली, तर वाघाबद्दलचा त्याचा राग कमी होतो. त्यामुळे वाघाच्या संवर्धनाचा बराच भाग चांगल्या संवादावर उभा असतो.

तिसरे उदाहरण धरणाचे. पवनीजवळ वैनगंगेवरील गोसेखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता, तो पुढे हजारो कोटींवर गेला. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील कितीतरी गावे पाण्याखाली गेली आणि पुनर्वसन हा अनेक वर्षांचा विषय झाला. इथे विद्यार्थ्याला आपल्या विद्येची मर्यादा कळते. घर आणि शेत गेलेल्या माणसाचे समाधान गोड भाषेने होत नाही आणि तसा प्रयत्न करणे अपमानकारक ठरते. मोबदला, भूखंड, पाणी आणि रस्ता मिळाल्याशिवाय बोलण्याला वजन येत नाही. तोवर जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम एकच: लोकांचे म्हणणे जसेच्या तसे, सौम्य न करता, निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर ठेवणे.

संकटातला अभ्यास

संकटकाळातील संवाद हा अभ्यासक्रमातील स्वतंत्र विषय असतो. त्यात महाराष्ट्रातील एक प्रकरण हमखास शिकवले जाते. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. दुकानात माल नीट न ठेवल्याने हे होते, असे कंपनीचे सुरुवातीचे म्हणणे होते. प्रशासनाने वेष्टनाच्या सदोषतेकडे बोट दाखवले. वाद चालू राहिला आणि विक्री घसरली. मग कंपनीने ‘विश्वास’ नावाची मोहीम हाती घेतली. दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले, नवी यंत्रे आणून जानेवारी २००४ मध्ये हवाबंद वेष्टन बाजारात आणले, आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली. विक्री हळूहळू सावरली.

विद्यार्थ्याने इथे क्रम पाहावा. बचाव करून उपयोग झाला नाही. वेष्टन बदलल्यावर बोलण्याला अर्थ आला. भिवापूरच्या पातळीवर हीच वेळ मसाला उद्योगावर किंवा शेतकरी उत्पादक कंपनीवर येऊ शकते. भेसळीची एक बातमी मानांकनाची वर्षानुवर्षांची कमाई घालवू शकते. अशा वेळी काय करायचे याची योजना आधी लिहून ठेवायची असते: माल परत घेण्याची पद्धत, तपासणीची प्रयोगशाळा, बोलणारी एकच अधिकृत व्यक्ती आणि पहिल्या दिवसाचे निवेदन.

नोकरी कुठे आणि कसोटी कोणती

पालकांचा प्रश्न स्वाभाविक असतो: या पदविकेवर पोट भरेल का? राज्य सरकारचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय हे यातील सर्वांत परिचित ठिकाण. प्रत्येक जिल्ह्यात त्याचे जिल्हा माहिती कार्यालय असते आणि ‘लोकराज्य’ हे मासिक तेच काढते. तिथल्या वरिष्ठ पदांची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते. प्रत्येक जाहिरातीतील पात्रता आणि अनुभवाची अट नीट वाचूनच अभ्यासक्रम निवडावा. नागपुरात वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आहे, महामेट्रो, महावितरण, महापालिका, विद्यापीठे आणि मोठी रुग्णालये आहेत. शिवाय जाहिरात व जनसंपर्क संस्था, स्वयंसेवी संघटना, सहकारी बँका आणि आता शेतकरी उत्पादक कंपन्याही आहेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो हे मान्य करूनच या वाटेवर यावे. लेखन, छायाचित्रण आणि चित्रफीत संपादन ही तीनही कामे येत असतील, तर पहिली नोकरी लवकर मिळते.

एका गोष्टीबद्दल मात्र आधीच सावध राहायला हवे. काही खासगी रुग्णालये ‘पीआरओ’ नावाने माणसे नेमतात आणि रुग्ण आपल्याकडे पाठवावेत म्हणून त्यांच्याकडून गावोगावच्या डॉक्टरांकडे फेऱ्या मारून घेतात. रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणे-घेणे वैद्यकीय आचारसंहितेला मंजूर नाही. ते काम जनसंपर्काचे नव्हे. तसेच २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले आणि प्रेस कौन्सिलच्या समितीने त्याची चौकशी केली. बातमीच्या रूपात जाहिरात छापून आणणे हा वाचकाचा विश्वासघात आहे आणि त्यात जनसंपर्काचा माणूस मध्यस्थ असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षातच असे काम समोर येते, म्हणून त्याला नकार कसा द्यायचा हे शिकताना ठरवून ठेवावे.

अभ्यासक्रम निवडताना चार गोष्टी तपासाव्यात. पात्रतेला मान्यता कोणाची आहे? शिकवणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष काम केलेले किती आहेत? काही आठवड्यांचे कार्यप्रशिक्षण खरोखर होते की कागदावरच राहते? आणि शेवटी विद्यार्थ्याच्या हातात स्वतः केलेल्या कामाची संचिका येते का? मोठ्या शुल्कापेक्षा या चार उत्तरांवर निर्णय घ्यावा. संचिकेत छापून आलेली तीन प्रसिद्धिपत्रके, एक सर्वेक्षण आणि एका संस्थेसाठी केलेली वर्षभराची संवाद योजना असेल, तर मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा तीच जास्त बोलते.

पदविका घेतलेली सगळी मुले नागपूर-पुण्याला जातील, असे गृहीत धरू नये. नगरपंचायत, ग्रामीण रुग्णालय, बाजार समिती, वनखाते आणि शेतकरी कंपनी या सगळ्यांचे निर्णय तालुक्यातल्या माणसांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम करतात, आणि यांतील फार थोड्या ठिकाणी शिकलेला जनसंपर्क कार्यकर्ता असतो. शहरातील कंपनीला अशी माणसे सहज मिळतात, तालुक्याला ती मुद्दाम घडवावी लागतात. महाविद्यालयाने दरवर्षी पाच विद्यार्थ्यांना या संस्थांमध्ये कार्यप्रशिक्षणाला पाठवले आणि संस्थांनी त्यांना फक्त छायाचित्रे काढायला न लावता तक्रारींची नोंदवही हाती दिली, तरी काही वर्षांत फरक दिसू लागेल. आपल्या अडचणीबद्दल कार्यालयात गेलेल्या बाईला पहिल्याच खेपेला नेमके उत्तर मिळेल, आणि तिने सांगितलेल्या त्रुटीची दखल घेऊन पुढच्या महिन्यात नियमात दुरुस्ती होईल. जनसंपर्काच्या पदविकेचे मोल शेवटी याच दोन गोष्टींवर मोजावे, आणि ते मोजण्याचा अधिकार त्या बाईचा आहे.